शालनक्काची साक्ष

शालनक्काला बोलता येत नसे. म्हणजे मुकी नव्हती ती. चिकपेटेतल्या दुकानदाराशी परकरांच्या शिलाईवरून तासभर हुज्जत घालायची. पण रविवारी उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायची वेळ आली, की तिची दातखीळ बसायची. "प्रभू चांगला हाय," एवढं पुटपुटून ती मटकन खाली बसे. बायका पदराआड हसत.

बेळगावकडून ती नवऱ्याबरोबर बंगळुरात आली होती. नवरा लवकर गेला. चामराजपेटेतली एक खोली आणि शिलाईमशीन, एवढाच तिचा संसार. मराठी ख्रिस्ती घरं गावात मोजकीच. कानडी मंडळीचं चर्च दुपारी मोकळं असे, तेव्हा तिथं ही पंचवीस-तीस माणसं जमत. कुणाचं बाळंतपण असो की कुणाची मयत, शालनक्का न बोलावता हजर असायची.

बोलायचं काम मंडळीतल्या प्रेमाचं. प्रेमा साक्ष द्यायला उभी राहिली की उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचेसुद्धा डोळे भरून यायचे. शालनक्काला तिचं फार कौतुक. असं बोलणाऱ्या बाईचं मन केवढं मोठं असेल, असं तिला वाटे. भोळी होती.

अठ्ठावन्न साली प्रेमाला क्षय झाला. तिच्या नवऱ्यानं, नंदकिशोरनं, तिची खाट मागच्या खोलीत टाकली. मंडळीनं तिच्यासाठी भरपूर प्रार्थना केली, आपापल्या घरी बसून. प्रार्थनेला थुंकीचं तस्त धुवावं लागत नाही. ते शालनक्का धुवायची. रोज मशीन बंद केलं की तिकडं जायची, प्रेमाचं अंग पुसायची, तिला नाचणीची आंबील भरवायची. असे आठ महिने गेले. "अक्का, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं गं एवढं," प्रेमा तिचा हात धरून म्हणायची.

प्रेमा बरी झाली. डॉक्टरांनी तसा दाखलाही लिहून दिला.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. या मंडळीत द्राक्षरसाचा एकच पेला. सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. शालनक्का नेहमीसारखी पुढं निघाली, तशी पाळकसाहेबांनी तिला हलक्या आवाजात अडवलं. "अक्का, तुम्ही स्वल्प थांबा. शेवटी घ्या."

ती थांबली. प्रेमानं तिच्यादेखत पेला घेतला.

"माझं काय चुकलं, साहेब?" उपासना संपल्यावर तिनं विचारलं.

"चुकलं काहीच नाही. पण प्रेमाताईंचं म्हणणं, त्यांच्याकडं दाखला आहे, तुमच्याकडं नाही. आठ महिने तुम्ही त्या खोकल्यात बसलात. लोक घाबरतात."

प्रेमा असं म्हणेल यावर शालनक्काचा विश्वास बसेना. दिवसभराची शिलाई बुडवून ती इस्पितळात गेली, छातीचा फोटो काढून घेतला, काही दोष नाही अशी चिठ्ठी आणली. पुढच्या महिन्यातल्या प्रभुभोजनाआधी साहेबांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "तरी आणखी थोडे दिवस." शालनक्कानं प्रेमाकडं पाहिलं. प्रेमानं गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.

तेव्हा तिला कळलं. ज्या तोंडात तिनं चमच्या-चमच्यानं आंबील घातली, त्याच तोंडानं तिला प्रभूच्या पंगतीतून उठवलं होतं. घरी येऊन ती पोटभर रडली आणि त्या दिवसापासून प्रेमाशी बोलायची बंद झाली.

वर्षभरात नंदकिशोर खोकायला लागला. मंडळीनं पुन्हा घरी बसून प्रार्थना केली. प्रेमा शालनक्काच्या दारात आली. "अक्का, मला परत लागलं तर? डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलंय. तू ये गं."

शालनक्कानं मशीनवर फडकं टाकलं, चपला घातल्या आणि निघाली. त्या आजारी माणसानं तिचं काय वाकडं केलं होतं?

रोजचं जाणं सुरू झालं. रविवारीसुद्धा ती तिथंच असे, कारण प्रेमा चर्चला गेल्यावर नंदकिशोरजवळ कुणी नसे. अशाच एका रविवारी ती त्याला आंबील भरवत असताना प्रेमा परतली. नाकाला पदर लावून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"काय झालं आज चर्चमध्ये?" नंदकिशोरनं क्षीण आवाजात विचारलं.

"साक्ष दिली मी," प्रेमा म्हणाली. "सांगितलं, एका बहिणीनं माझ्याशी अबोला धरलाय, पण प्रभूनं मला तिला क्षमा करायचं बळ दिलं. सगळे रडले."

शालनक्काचा हात वाटेतच थांबला. नंदकिशोर तोंड उघडून वाट बघत होता. तिनं चमचा त्याच्या तोंडात घातला, हनुवटीवर ओघळलेलं पुसलं आणि दुसरा भरला.