निकालाचा रकाना

शनिवार, फेब्रुवारीतला दुसरा. सामना दुपारी तीनला. ठिकाण : मलिंगारचं हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग. हजर : सुहास (पलंगावर), त्याची बायको अनघा (अडीचपर्यंत, मग घरी), मी. गैरहजर : त्यांची मुलगी ईरा, शाळेच्या परीक्षेमुळे. निकाल :

निकालापुढे काही नाही. वहीतली ही शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे आणि ती अर्धी आहे. त्यानंतर अकराव्या दिवशी सुहास गेला. त्याला आता सात आठवडे झाले. अनघा म्हणाली, तूच लिही त्याच्यावर, तुझ्या वहीत सगळं असेल. सगळं नाहीये. वहीत फक्त फुटबॉल आहे, आणि तोही कोणी बघत नाही असला.

सुहास मूळचा नागपूरचा, मी पुण्याची. आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी टेलिकॉम कंपनीत आम्ही शेजारशेजारच्या टीममध्ये होतो. त्याआधी दोघांनीही, एकमेकांना न ओळखता, उत्तर इंग्लंडमधल्या शेजारशेजारच्या दोन गावांत एकेक वर्ष शिकून काढलं होतं. गिरण्या बंद पडलेली गावं. मधे एक कालवा आणि पाऊण तासाची पायपीट. दोन्ही गावांना आपापला क्लब, दोन्ही खालच्या डिव्हिजनमधले. माझ्या गावाचे निळे, त्याच्या गावाचे पिवळे. मोठ्या क्लबांची नावं पुण्यातल्या रिक्षांच्या मागेही दिसतात, यांची पुढच्या जिल्ह्यातही कोणाला ठाऊक नसतात. पण त्या दोन गावांत एकमेकांबद्दल जे बोललं जातं ते मी इथे लिहू शकत नाही. माझ्या घरमालकीणबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून स्टेडियममधली त्यांची वर्षाची जागा मला मिळाली. त्या जागेबरोबर पिवळ्यांचा द्वेषही मिळाला. सुहासचं कारण आणखी साधं होतं. त्याच्या खोलीतला हीटर संध्याकाळी सहाच्या आधी लागत नसे, म्हणून शनिवारी दुपारी तो दोन हजार माणसांच्या उबेत जाऊन बसायचा.

आमची ओळख झाली ती कंपनीच्या कँटीनमध्ये, माझ्या निळ्या मगवरून. त्यावर क्लबचं चिन्ह होतं. एक उंच, वाकून चालणारा माणूस माझ्यासमोर थांबला आणि सरळ मराठीत म्हणाला, "हा मग तुमचा?"

"हो."

"त्या गावात राहिलात?"

"एक वर्ष."

"अरेरे," तो म्हणाला. "चेहऱ्यावरून तर शिकलेल्या वाटता."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर आठवडाभरात निळे-पिवळे सामना होता. तो आम्ही माझ्या घरी लॅपटॉपवर पाहिला आणि दोनच महिन्यांनी त्याच्या निकालावरून भांडलो. मी म्हणे दोन-एक, तो म्हणे दोन-दोन. मला हे असलं चालत नाही. मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले : तारीख, ठिकाण, हजर, निकाल, सही. नियम सुहासने घातला. निकाल हरलेल्याने लिहायचा, स्वतःच्या हाताने. जिंकलेल्याने फक्त सही करायची. बरोबरी झाली तर दोघांनी लिहायचं. "जिंकलेला माणूस काहीही लिहीन," तो म्हणाला, "हरलेला बरोब्बर लिहितो. त्याला ते लिहिताना दुखते ना." वही माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, इथल्या भाषेत 'प्रेस'मध्ये, चहाच्या डब्याशेजारी ठेवायची असं ठरलं. ती अजून तिथेच आहे.

आमचा टीम लीडर डेक्लन याला हे सगळं कळलं तेव्हा तो खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसला. मग मला म्हणाला, "तू आणि युअर मॅन... हे क्लब खरे आहेत ना? की तुम्हीच तयार केलेत?" युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'. आयर्लंडमध्ये फुटबॉलवेडे कमी नाहीत, पण सगळे मोठ्यांच्या मागे. आमच्या वेडाला साथीदार नव्हता. त्यामुळे असेल, वर्षातून दोनदा, नव्वद नव्वद मिनिटं आम्ही एकमेकांचा मनापासून तिरस्कार केला आणि उरलेलं वर्ष एकमेकांच्या मुलांना शाळेतून आणलं.

एका वर्षी दोन्ही घरांनी मिळून तिथे जायचं ठरवलं. डब्लिनहून फेरीबोट, पुढे गाडी. यादी माझी होती : सँडविच, ओकारीच्या गोळ्या, जास्तीचे मोजे, वही, दोन गावांत दोन वेगळी हॉटेलं, कारण सुहास निळ्यांच्या गावात झोपायला तयार नव्हता. स्टेडियममध्येही तो पाहुण्यांच्या स्टँडमध्ये आणि मी समोर. मधे सगळं मैदान. पिवळे हरले. मी उभी राहून त्याच्या दिशेने दोन्ही हात हलवले, तर तो आडव्या पावसात पाठ करून उभा होता. परतीच्या फेरीवर समुद्र खवळलेला. अनघा म्हणाली, राहू दे रे, घरी गेल्यावर लिही. तो म्हणाला, "नाही. आता लिहितो. घरी जाईपर्यंत मला वाटायला लागेल की आम्ही चांगलं खेळलो." त्या नोंदीतला आकडा ओळ सोडून खाली घसरलेला आहे. शेजारी माझी सही, तीही वाकडी.

ॲथलोनच्या गणपतीची सजावट दरवर्षी मीच करत असे. एकदा मखराला मागून निळा पडदा लावला. सुहासने येऊन नमस्कार केला, तीर्थ घेतलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मेधाबाई, पीतांबर कोणत्या रंगाचं असते हो?" लोक हसले. पुढे जेव्हा जेव्हा पिवळे जिंकायचे तेव्हा तो सही करताना म्हणायचा, बाप्पाला आधीच विचारून ठेवलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात त्याच्या पोटात दुखायला लागलं. नोव्हेंबरात नाव कळलं : स्वादुपिंडाचा कॅन्सर. मी तक्ते केले. डबे कोणी कधी द्यायचे, ॲथलोनहून मलिंगारला कोणी गाडी न्यायची, ईराला कोण आणणार, औषधांच्या वेळा, नागपूरला फोन कोणी करायचा. तक्ता माझ्या फ्रिजवर, दुसरी प्रत अनघाच्या फ्रिजवर, तिसरी माझ्या पर्समध्ये. लोक म्हणायचे, मेधा आहे म्हणून सगळं सुरळीत चाललंय. मला याद्या जमतात. आजारी माणसाजवळ नुसतं बसणं जमत नाही. ते मी यादीत दुसऱ्यांना वाटून देत होते, हे सुहासच्या लक्षात आलं होतं. एकदा तो म्हणाला, "तुझं नाव फक्त गाडीच्या रकान्यात दिसून राहिलं. बसायच्या रकान्यात कधी येणार तू?" मी म्हटलं, सामन्याच्या दिवशी.

म्हणून तो शनिवार. सकाळी डॉक्टरांनी अनघाला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता उपचार थांबवायचे, फक्त दुखू द्यायचं नाही. अनघा तीन दिवस झोपली नव्हती, तिला मी घरी पाठवलं. सामना सुरू व्हायच्या आधीच औषधाने सुहासचा डोळा लागला. मी एका कानात इअरफोन घालून सगळा सामना ऐकला. पिवळे तळाला होते. हा सामना गेला तर खालच्या लीगमध्ये जाणं जवळजवळ नक्की, म्हणजे पुढच्या हंगामात दोघांची गाठच नाही. निळ्यांनी तीन गोल केले, पिवळ्यांनी एकही नाही. तिसऱ्या गोलला सवयीने माझी मूठ वळली. मग ती मूठ कुठे ठेवावी कळेना... पांघरुणाखाली त्याचे पाय एवढे बारीक झाले होते की पलंग रिकामाच वाटत होता.

सव्वापाचला त्याने डोळे उघडले. "किती?"

मी म्हटलं, "एक-शून्य."

"कोण?"

"तुमचे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कोणी मारला?"

मला फक्त एकच नाव आठवलं. पिवळ्यांचा एक टकला सेंटर-फॉरवर्ड होता, गेली पाच वर्षं तो आम्हाला छळत होता. मी म्हटलं, "तुमच्या त्या टकल्याने."

"वा," सुहास म्हणाला. "कितव्या मिनिटाला?"

"ऐंशीच्या पुढे कधीतरी."

"हेडर?"

"हेडरच."

"म्हणजे म्हातारा अजून उडी मारून राहिला," असं म्हणून त्याने डोळे मिटले. मग मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, "वही आण मग उद्या. लिहून दे. मी सही करतो."

मी आजवर आकडा बदललेला नाही. ऑफिसात नाही, घरी नाही, वहीत तर नाहीच. त्या दिवशी एक शब्द बोलून गेले आणि त्याची पुढची पायरी माझ्यासमोर उभी राहिली : बारा वर्षांच्या खऱ्या नोंदींखाली, माझ्या अक्षरात, खोटा आकडा. त्या रात्री मी वर लिहिलेली नोंद केली, तारखेपासून हजरपर्यंत. निकालापाशी पेन थांबलं. दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून गेले.

"वही?"

"विसरले."

"तू?" तो म्हणाला. "तू विसरली?"

तिसऱ्या दिवशी म्हटलं, घाईत निघाले. मग एकदा सांगितलं, आज गाडी दुसऱ्याची होती. पुढच्या वेळी त्याने तोंडाने विचारलं नाही, फक्त माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी पिशवीतून संत्री काढली. नंतरच्या दिवसांत तो जागा असा फारसा नव्हताच. मी मात्र आता रोज बसत होते. मनात येई की उद्या आणूच, लिहूच, एक ओळ तर आहे. आणि रोज निघताना कपाट उघडून चहाचा डबा बघायचा आणि कपाट बंद करायचं.

नंतरची कामं तुम्हाला माहीत असतात त्यातलीच. कागद, फोन, दीड तासावरचं स्मशान, व्हिडिओवरून नागपूरचे नातेवाईक. शेजारपाजारचे आयरिश लोक रांगेने येऊन हात हातात घेत "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होते आणि टेबलावर सँडविचचे ट्रे ठेवत होते. डेक्लन पिवळा टाय घालून आला. कुठून आणला, विचारलं नाही. ईराने दारात सगळ्यांचे कोट घेतले. मी विचारलं, बाळा, काही खाल्लंस का, तर म्हणाली, "आय'म ग्रँड, मेधामावशी," म्हणजे इथल्या भाषेत मी ठीक आहे, आणि कोटांच्या ढिगात तोंड घालून रडली.

तेराव्याला जेवणं झाल्यावर अनघा आणि मी भांडी आवरत होतो. ती पुसता पुसता म्हणाली, "तो टकल्या जानेवारीत दुसऱ्या क्लबला गेला. माहीत आहे ना तुला?"

मला माहीत नव्हतं. एरवी खेळाडूंची यादीही मी ठेवते. त्या महिन्यात फक्त डब्यांची ठेवली होती.

"तू गेलीस आणि मी आले, तर हा हसत होता. किती दिवसांनी हसत होता, मेधा. म्हणे, मेधाबाईने आपल्याला जिंकवलं, तेही परक्या क्लबच्या माणसाकडून. मग फोन मागून खरा निकाल बघितला. मला म्हणाला, तिला सांगू नको. बघू, वही आणते का."

मी विचारलं, त्याने सही केली असती?

"मी पण तेच विचारलं त्याला. म्हणाला, आधी लिहिते का बघू. तिचा हात धजणार नाही... पण धजला तर मजा येईल." अनघाने ताट जागेवर ठेवलं. "रोज वाट बघायचा गं. चिडून नाही. सामना बघावा तसा."

खोटं बोलल्याचं मला फार वाटत नाही. ते पुरं केलं नाही, याचं वाटतं. तो पिशवीकडे बघत होता तेव्हा मी संत्री सोलत होते.

परवा अनघाच्या घरी फ्रिजवरचा तक्ता उतरवला. अस्थी : अनघा मे महिन्यात नेणार. बँक : झालं. ईराची शाळा : झालं. डबे परत : दोन राहिलेत, कोणाचे ते कळलं आहे. हॉस्पिटलला आभाराचं पत्र : झालं. सगळ्यात खाली मी स्वतः कधीतरी लिहिलं होतं : वही.

घरी येऊन ती काढली. तीन-शून्य लिहायचं तर नियमाने ते त्याच्या अक्षरात हवं. एक-शून्य लिहायचं तर माझ्या, पण मग सही कोणाची? मी अनघाला फोन केला. ती म्हणाली, "जे लिहायचं ते लिही. त्या दिवशी हरली कोण, ते तुम्हा दोघांना माहीत."

पेन वहीत घालून वही चहाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. त्यामुळे कपाटाचं दार आता नीट लागत नाही. निकाल अजून लिहायचा आहे.