अव्वाच्या दोन घागरी

तव्यावर छान गोल, जाळीदार धिरडं फुलून आलं की अव्वा ते उलथण्यानं भराभर मोडायची. वर गुळाचा चुरा आणि चमचाभर तूप टाकून ते तुकडे पुन्हा परतायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कळवळलो, "अहो अव्वा, चांगलं होतं की!"

"सबंध कशापायी पायजे, मुनशी? पोटात मोडूनच जातंय."

उदगीरकडं डोंगरावर महादेवाचं एक देऊळ आहे. डोंगर चढून गेलं की त्याच्या शेवटच्या पायरीशी तिचं खोपटं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हात पिठात. सोमवारी लोक आधी देवाकडं जात की अव्वाकडं, हे मला विचारू नका. मी तरी देवदर्शन परतीच्या वाटेवरच उरकत असे.

मी तहसीलसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचो. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः मी.

या मोत्यांच्या जोरावर एकदा घरी धिरडं करायला गेलो. गूळ पिठातच कालवला आणि तवा लाल होईस्तोवर तापवला. जे झालं ते मोडेना. बायको म्हणाली, "खलबत्ता आणू का?" अव्वाला सांगितलं तर पदरानं डोळे पुसत हसली. "तुमी आपलं अर्जच लिव्हा."

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. देवळामागचं कुंड आटलं. पायथ्याच्या गावात टँकर यायचा, पण गावकरी म्हणत, टँकर गावाला हाय, डोंगराला न्हाई. अव्वाला रोज दोन घागरी हव्या होत्या. त्या नाही मिळाल्या तर पीठ कशात कालवणार? खोपटं बंद.

"लिव्हा बरं सायबाला. दोनच घागरी म्हनावं. तुमच्या हातचं वाचल्यावर न्हाई कोन म्हनतंय?"

मी लिहिला. जन्मात इतका सुंदर अर्ज लिहिला नव्हता. तिचा अंगठा घेतला, पाकीट स्वतःच्या हातानं पोस्टात टाकलं.

महिन्यानं पाकीट परत आलं. उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता, आणि उदगीर त्यात गेलं होतं. सगळी उमर माझा हात 'जिल्हा उस्मानाबाद' लिहीत आला होता, याही वेळी लिहून मोकळा झाला. शेरा होता : आपल्या जिल्ह्याकडे नव्याने अर्ज करावा.

नवा अर्ज लिहायला पाच मिनिटं पुरे. पण त्यावर अव्वाचा अंगठा हवा, आणि अंगठा मागायचा तर चूक सांगायला हवी. तीन सोमवार मी ते पाकीट खिशात घालून डोंगर चढलो.

"उत्तर आलं का हो, मुनशी?"

"सरकारी काम आहे, अव्वा," असं म्हणून मी बशी पुढं करायचो. तिसऱ्या सोमवारी बशीत अर्धंच धिरडं पडलं.

"पानी पुरलं न्हाई," ती म्हणाली. जणू तिचीच चूक.

चौथ्या सोमवारी तीच माझ्या दारात उभी. डोक्यावर बोचकं. खोपटं बंद करून भावाकडं, भालकीच्या बाजूला निघाली होती. बायकोला म्हणाली, "ह्यांला काई जमायचं न्हाई, तू शिकून घे." आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं पीठ कालवलं. पेला तिरपा धरून, थेंब थेंब पाणी सोडत. मधेच आमच्या भरल्या रांजणाकडं नुसती बघत राहिली.

मी कसाबसा म्हणालो, "अव्वा, तो अर्ज..."

"जाऊ द्या. तुमी तर लिव्हलं की चांगलं. तिकडं कुनी वाचलंच नसंल. तुमचा काय कसूर?"

तव्यावरचा तुकडा तोंडात टाकला. मी ठसका लागल्यासारखं केलं.

स्टँडवर पोचवायला गेलो तर म्हणाली, "भावाचा पत्ता लिव्हून घ्या. उत्तर आलं की कळवा. दोन घागरी मिळत्यात म्हनलं की मी आलेच."

मी लिहून घेतला. जिल्हा कोणता, ते दोनदा विचारलं. त्या पत्त्यावर मी आजवर एक ओळही पाठवलेली नाही.

कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला, तिथं ते पाकीट होतंच. अव्वा बोचकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली, आणि गाडी हलेपर्यंत त्या खिशाकडं विश्वासानं बघत राहिली.