उघड्या डोळ्यांची प्रार्थना

देवाशी इतक्या मोठ्या आवाजात बोलणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या शेजारी खोली घेण्याची माझी हिंमत नाही. हा माणूस म्हणजे छावणीतले आमचे घरमालक. त्यांची सगळी हयात एसटीच्या ड्रायव्हर सीटवर गेली होती, म्हणून गल्ली त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायची. सकाळी तोंड धुऊन झालं की ते अंगणातल्या लिंबाखाली उभे राहत, स्टेअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करत आणि चालू होत, "हे प्रभू येशू, सलाम. उठलो बघ." पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणी पाहुणे आले आहेत आणि त्यांना ऐकायला कमी येतं. मी दार उघडून पाहिलं तर अंगणात काका एकटेच, आणि डोळे सताड उघडे.

मी सिल्लोडकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं, कुणाला काय म्हणायचं, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून कॉलेजातल्या एका बाईंनी काकांची मागची खोली सुचवली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोली पाहिली, काकूंना पाहिलं आणि हो म्हणाले. काकूंकडे पाहून नाही म्हणणं कुणालाच जमलं नसतं. पण घर ख्रिस्ती आहे हे कळल्यावर आबांनी परत एकदा खोलीभर नजर फिरवली होती, ते माझ्या लक्षात आलं होतं.

काकांच्या प्रार्थनेत माणसांची नावं येत, आणि नुसती नावं नव्हे, पत्त्यासकट. "प्रभू, समोरचा टेलर, निळ्या दाराचा. त्याच्या गुडघ्याला हात लाव. डावा गुडघा. मागं मी कोणता ते बोललो नाय, तर तू उजवा बरा केलास." मग समोरून टेलरचाचा मशीन थांबवून ओरडत, "ड्रायव्हर साब, आज कमर बी दुखरी, कमर का बी बोलो!" की काका लगेच हात पुन्हा पुढे धरून कमरेची भर घालत. कुणाचा मुलगा बिडी ओढतो, कुणाची सून माहेरून परत येत नाही, हे देवाच्या आधी गल्लीला कळायचं. लोक चिडत, पण आजारी पडले की हळूच येऊन सांगून जात, "आमचंही नाव घ्या, पण जरा बारीक आवाजात." बारीक आवाज काकांकडे नव्हता.

आठवड्याभरातच माझी पाळी आली. वर्गात सरांनी प्रश्न विचारला होता, उत्तर येत होतं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, एवढंच मी काकूंना भाकरी थापताना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी लिंबाखालून आवाज आला, "आणि ती मागच्या खोलीतली पोरगी. हुशार हाय, पण लई भित्री. तिला जरा तोंड दे प्रभू." संध्याकाळी दूधवाल्यानं विचारलं, "ताई, बोलल्या का आज वर्गात?" तिसऱ्या दिवशी टेलरचाचांनी विचारलं. देवाचं मला माहीत नाही, पण या दोघांना रोज काय उत्तर द्यायचं या धास्तीनं मी पुढच्या सोमवारी वर्गात हात वर केला.

डोळ्यांचा प्रश्न चर्चमध्येही गाजला होता. पाळकसाहेब म्हणत, "आपण डोळे मिटून प्रार्थना करू," आणि काका कडेच्या बाकावर डोळे उघडे ठेवून बसत. पाळकसाहेबांनी एकदा बाजूला घेऊन समजावलं. काका म्हणाले, "साहेब, मी जन्मभर गाडी चालवता चालवता प्रार्थना केली. माझे डोळे मिटले की पाय आपोआप ब्रेकवर जातो. तुमच्या पुढच्या बाकाला लागंल." शिवाय डोळे उघडे असल्यामुळे मिटल्याचं सोंग कोण करतं, कोण घड्याळ बघतं, हे सगळं त्यांना दिसे, आणि दुसऱ्या दिवशी लिंबाखाली त्यांचीही नावं येत. तेव्हापासून चर्चमध्ये बाकीचे लोक फार घट्ट डोळे मिटू लागले, असं काकू सांगतात.

काकू बोलायला कमी, पण काकांच्या गाडीची घंटी त्यांच्या हातात. प्रार्थना लांबली, चुलीवर दूध वर यायला लागलं, की आतून काकूंचा आवाज येई, "आमेन!" काका वाक्याच्या मध्यावर असले तरी थांबत. कंडक्टरनं बेल मारल्यावर ड्रायव्हरनं वाद घालायचा नसतो, असं ते म्हणत.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही ना?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग कन्नडच्या घाटात ब्रेक गेला होता तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. गाडी भरलेली, उतार समोर, आणि काका मोठ्यानं ओरडत होते, "प्रभू, मला काही सुचंना, तूच सांग!" मागून कंडक्टर अल्लाला हाक मारत होता, बायका आपापल्या देवीला. काकांनी गिअर खाली टाकत टाकत गाडी डोंगराच्या अंगाला घासली आणि थांबवली. "पाय इतके कापत होते पोरी, की मला उतरवून घ्यावं लागलं. मी भेकडच माणूस. धीर माझा घरचा नाय. रोज सकाळी मागून आणावा लागतो, दुधासारखा. कालचा आज नासतो." हे ते इतक्या सहज बोलले की मला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही. खोलीत गेल्यावर मात्र मी बराच वेळ पुस्तक उघडून नुसतीच बसले होते.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली आणि गावाकडून निरोप आला की आबा मला न्यायला येत आहेत. का ते मला माहीत होतं. किरिस्तावाच्या घरात पोरगी ठेवली, ती बाटली, असं गावात कुणीतरी उठवलं होतं, आणि त्याच घाईत एक स्थळही आलं होतं. एकदा गेले की परत येणं नाही, हे मला निरोप आणणाऱ्याच्या तोंडावरच दिसलं. मी काकूंच्या पदरात तोंड घालून रडले. बोलायला तेवढंच एक ठिकाण होतं. आबांसमोर मी आजवर कधीही 'नाही' हा शब्द उच्चारला नव्हता.

रविवारी सकाळी आबा आले. अंगणातच उभे राहिले, बसले नाहीत. "सामान भर. अकराची गाडी हाय."

"आबा, परीक्षा..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"राहू दे परीक्षा. गावात लोकं काय म्हणायलेत ठावं हाय का तुला? बुधवारी पाहुणे येणार हायेत."

मी आत वळले. तेवढ्यात काका म्हणाले, "पाटील, गाडी सुटायच्या आधी मी प्रार्थना करतो. आजवर चुकवली नाय." आणि आबा काही म्हणायच्या आत त्यांनी स्टेअरिंग धरलं.

आता कुणी देवाशी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, मग तो देव कुणाचाही असो, अशी आमच्या घरातली रीत. आबांनी पायातली वहाण काढली आणि हात जोडले. तिथंच ते सापडले.

"हे प्रभू येशू, सलाम. हे पाटील पोरीला न्यायला आलेत. पोरगी त्यांची, मी कोण बोलणार? मी त्यांना काहीच बोलत नाय. मी आपलं तुला सांगतो." काकांचा आवाज टेलरचाचांच्या दारापर्यंत पोचला होता, मशीन थांबलं होतं. "ही पोरगी रडली, ते तू पाहिलंस. तिच्या खोलीत खंडोबाचा फोटो हाय, त्याला खिळा मीच ठोकून दिला. वाकडा गेला, ते माझं चुकलं. तुझं नाव घे असं आम्ही तिला कधी म्हणालो नाय, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? पाटील गावाला भितात, प्रभू. मी पण भितो. आमचे लोक मला म्हणतात, परक्याची पोर घरात ठेवलीस, उद्या काही झालं तर तुझ्या अंगावर येईल. तर त्यांची भीती आणि माझी भीती दोन्ही एकदमच काढ. एकेक काढायला वेळ नाय, त्यांची अकराची गाडी हाय."

काका थांबले. काकूंचं आमेन आलं नाही. पहिल्यांदाच आलं नाही. काका उघड्या डोळ्यांनी आबांकडे बघत होते. आमच्या गावच्या भजनात एकाचं म्हणून झालं की दुसऱ्यानं उचलायचं असतं. आबांना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी घसा खाकरला.

"देवा," आबा म्हणाले, कुणाच्या देवाला ते त्यांनी सांगितलं नाही, "मला असलं येत नाय. लोकं बोलतात हे खरं हाय. पण लोकं तर म्हशीलाबी नावं ठिवतात. मलाच भ्या वाटायलंय. ही शिकली, पुढं गेली, तर मागं वळून बघंल का नाय? आपल्या बापाला चार लोकांत बाप म्हणंल का नाय?" आणि ते एकदम थांबले. इतकं त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नसेल.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, धीर आपल्याजवळ नसला तरी मागता येतो, मग मागून बघू. "देवा," मी म्हणाले, "मला परीक्षा देऊ दे. मी कुठंही गेले तरी आबांचीच आहे." आवाज चिरका होता, पण निघाला.

"आमेन," दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. आतून करपल्याचा वास आला. दूध केव्हाच उतू गेलं होतं आणि त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

आबांनी टोपीनं तोंड पुसलं. "कधी हाय परीक्षा?"

"पुढच्या महिन्यात."

"मग पाहुण्यांना थांबा म्हणतो. नाय थांबले तर गेले." मग काकूंकडे वळून म्हणाले, "च्या असंल तर करा, वैनी. बिनदुधाचा चालतो." जाताना दारात त्यांनी काकांना हळूच विचारलं, "तुमचा देव मधी बोललेलं चालवून घेतो का हो?" काका म्हणाले, "पाटील, तो त्याचीच वाट बघत असतो."

पाहुणे थांबले नाहीत. मी पास झाले.

गेल्या वर्षी काका-काकू नगरला मुलीकडे राहायला गेले. स्टँडवर काकांनी एसटीच्या केबिनपाशी उभं राहून त्या तरुण ड्रायव्हरसाठी एवढी लांब प्रार्थना केली की गाडी उशिरा सुटली. आता मी दुसरीकडे राहते. तिथं पहाटे फार शांत असतं, आणि त्या शांततेनंच मला जाग येते.

परवा माझी तोंडी परीक्षा होती. सकाळी धीर होईना, म्हणून कॉलेजजवळच्या बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि आबांना बोलावून घेतलं. त्या दुकानात सकाळी अर्धं गाव बसलेलं असतं. आबांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज तुझ्यासाठी देवाला कुणी म्हटलं का गं?"

"नाही आबा. कोण म्हणणार?"

पलीकडे दुकानातला गलका ऐकू येत होता. मग घसा खाकरल्याचा आवाज. "देवा," आबा मोठ्यानं म्हणाले, "माझी पोरगी आज साहेबांपुढं बोलाय चाललीय..." कुणीतरी हसलं. आबा थांबले नाहीत. हळूहळू गलका विरला. माझ्यामागे रांगेत उभा असलेला माणूस "आटपा ताई" म्हणत होता, पण मी फोन कसा ठेवणार? आबांचं अजून चाललेलंच होतं.