न ऐकलेली तबकडी

वाशीमच्या बाजारात माझ्या दुकानात नवाच ग्रामोफोन वाजत होता. तो ऐकून एक भाजीवाला आत आला आणि त्यानं उपरण्यात गुंडाळलेली तबकडी काढली.

"जत्रेत घेतली, भाऊ. तीन वर्सं झाली. घरी मशीन नाई, मंग आयकलीच नाई."

मी चावी भरली. बाईचा आवाज उठला तसा हा टाळ्या पिटत गिरक्या घेऊ लागला. मग मी माझी आवडती तबकडी लावली, तिचे सूर किती पक्के आहेत तेही सांगितलं.

"तुमची चांगलीच हाये. पन माही बाई मधात दम घेते, आयकलं नं? जितीजागती हाये!"

त्याची तबकडी पाचव्यांदा लावली तेव्हा दाराशी जमलेली गिऱ्हाइकंही हसत तिच्याबरोबर श्वास घेत होती.