मावशीच्या कमरेची निळी पट्टी

मोबाइलमध्ये मुंडी घालून बसल्यानं माझी मान धरली, तेव्हा महाडच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिच्यावर निळी, ताणली जाणारी पट्टी चिकटवली. "हिनं चार दिवस जरा आराम पडेल. खरा उपाय व्यायाम," त्या म्हणाल्या. पट्टी माझ्या लक्षात राहिली, व्यायाम राहिला नाही. दुखणं थोडं उतरलं, ऐट मात्र भलतीच चढली. कॉलर मागे सारून मी बाजारपेठेत हिंडत होतो.

त्याच ऐटीत मेडिकलमधून पट्टीचं रीळ घेतलं आणि कापडे गावी मावशीकडे गेलो. तिची कंबर धरली होती आणि भाताची लावणी तोंडावर आली होती. तिथे लावणी सावडीनं चालते: आज आपण त्यांच्या खाचरात, उद्या ते आपल्या.

"उद्या मी गेले नाय, तर परवा लोकांना कुठल्या तोंडानं बोलवू?" मावशी म्हणाली.

मी दाराबाहेर उभा राहून तिच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, हुकूम सोडले. आधी कोमट खोबरेल चोळा, मग पट्टी लावा. तेलानं गुण वाढतो, हे शास्त्र माझं स्वतःचं.

सकाळी मावशी खाचरात उतरली आणि बराच वेळ सगळ्यांच्या बरोबरीनं वाकली. मी बांधावर छत्री धरून स्वतःवरच खूश होतो. एवढ्यात वहिनींनी चिखलातून काहीतरी उचलून माझ्या हातात दिलं. पट्टी.

"कवाची सुटलीय, भावोजी. तेलावर कुठं काय चिकटतं?"

"मावशीला सांगू नका."

"मी कशाला सांगू? वाकतायत ना, वाकू दे."

थोड्या वेळानं मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, ती पुन्हा वाकेना. कोणाकडे बघेनाही. खाचराची मालकीण मान वर न करता म्हणाली, "काकी, बांधावर बस नि रोपांच्या मुठी फेकत जा गो. आमचा हात पुरत नाय."

फेकायच्या मुठी तशा फार उरल्याच नव्हत्या.

मावशी माझ्याशेजारी टेकली. "गुणाची हाय रे तुझी पट्टी. नायतर एवढं पण झालं नसतं."

मी खिशातला पट्टीचा ओला गोळा आणखी खाली ढकलला.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका मावशीच्या खाचरात उतरल्या. मावशी बांधावरून मुठी फेकत होती आणि ओळ वाकडी गेली की शिव्याही.

"बसून बोलायला काय जातं गो म्हातारे," कोणीतरी म्हणालं आणि ओळ सरळ केली.