कमरेची वीट

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. पलीकडून काकू शांतपणे म्हणाली, "राजू, यांचं दुखणं संपलं रे." मी म्हटलं, बरं झालं, संध्याकाळी येतो... आणि फोन ठेवल्यावर कळलं, ती काय सांगत होती. महिना होत आला, पण ते 'बरं झालं' अजून सलतंय.

काका मिलमध्ये विणाई खात्यात होते. सुताने भरलेले जड बीम उचलून उचलून कंबर कामातून गेली होती. काकूकडे प्रत्येक दुखण्याचा वेगळा इलाज असे. दाढेला लवंग, पोटाला ओवा, मानेला तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी आणि काकांच्या कमरेला वीट. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ती वीट शेगडीवर ठेवायची. काका येत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली वीट कमरेखाली घेत आणि बघता बघता घोरायला लागत.

मग मिल बंद पडली. आम्हाला वाटलं, चला, निदान कमरेला आराम पडेल. कसचं काय! दुखणं पायात उतरलं, सकाळी भिंत धरून उठायची वेळ आली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नस दबली आहे, ऑपरेशन करून घ्या, मोकळे व्हाल. काका उठून बाहेर आले. मी चिडलो, तर इंदुरी थाटात म्हणाले, "अरे भिया, मिल खुलणार आहे. गेटवर मेडिकल होईल. पाठीवर टाके दिसले की अनफिट लिहून देतील. फिर क्या करेंगे?" मिल खुलणार ही बातमी आमच्या जुनी इंदूर मोहल्ल्यात दर दिवाळीला यायची. तिच्या भरवशावर हा माणूस वर्षानुवर्षं कण्हत राहिला. मिलमधलं कुणी रस्त्यात दिसलं की काठी माझ्या हातात देऊन ताठ उभे राहायचे, घामाने कपाळ भिजलेलं असायचं. फार राग यायचा मला त्यांचा. अजूनही येतो.

एका दुपारी ते मिलच्या बाजूने परत आले. गेटमधून ट्रक निघत होते म्हणे, तोडलेले माग भंगारात चालले होते. काका ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "राजू, चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ." इतकी वर्षं मी ज्या वाक्यासाठी भांडलो, ते ऐकून मला रडू आलं.

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती, हृदय झेपणार नव्हतं. गोळ्यांनी मात्र ठणका खरंच कमी झाला. काका नीट झोपू लागले, आणि बोलेनासे झाले. संध्याकाळी तेवढं म्हणत, "वीट दे गं."

"अहो, दुखतंय का?"

"नाही. तरी दे."

परवा गेलो तर काकूचे गुडघे सुजलेले. मी वीट उचलली, म्हटलं, शेकून देतो. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. "ही नको रे. ही यांची आहे. मला ते मलम लाव." मी ट्यूब शोधून आणली, तोवर तिने घड्याळाकडे बघितलं, पाळी सुटायची वेळ झालेली, आणि गॅस पेटवून वीट वर ठेवली. तिच्या गुडघ्यांना मलम चोळत बसलो... गॅसवर वीट तापत होती.