ओला कोपरा

प्लंबरच्या घरात नळ गळत नाही, हेच आपलं सर्वांत मोठं दुखणं होईल, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. आता तो कामावरून निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. कुठे ओल दिसली की याचा हात पान्याकडे गेलाच.

न्हाणीघरामागच्या कोपऱ्यात जुन्या पाइपातून पाणी झिरपायचं. तिथे तिनं लव्हाळा लावला होता. माहेरच्या घरामागचा ओढा बुजवून वर गाळे बांधायला घेतले, तेव्हा चिखलातून उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेले तीन ठोंब. माहेरचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

"हे गवत कशाला?" त्यानं विचारलं होतं.

"गवत नाही हो. दांडा चिमटीत फिरवून बघा, तीन कडा लागतात. आणि ती ओल तेवढी राहू द्या."

त्यानं मान हलवली. त्याच्या मान हलवण्याला काही अर्थ नसतो, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला कळायला हवं होतं.

लेकीचं बाळंतपण उरकून ती परतली तर कोपरा ठणठणीत कोरडा, आणि हा छाती काढून उभा. "नवा पाइप टाकला. आता थेंब शोधून सापडायचा नाही."

लव्हाळा वाळून पिवळा पडला होता. तिनं कपाळावर हात मारला. मग तिथेच बसून एकेक ठोंब उकरून पाहिला. एकाच्याच मुळात अजून जीव होता.

"ओढा तर गेलाच होता," ती म्हणाली. "हेही तुम्ही घालवलंत." आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

तो पाना घेऊन नव्या पाइपाशी बसला. पण जन्मभर गळती थांबवलेला हात तो. सांधा सैल करतो म्हणायचा, आणि सवयीनं टेप गुंडाळून पुन्हा करकचून आवळायचा. दोनदा असंच झालं. जित्याची खोड, दुसरं काय! शेवटी तिनंच पाना हिसकावून घेतला आणि सांधा अर्धा फेरा उलटा फिरवला. थेंब पडू लागला. त्याचा चेहरा दाढ ठणकत असल्यासारखा झाला, तरी तो तिथून उठला नाही.

संध्याकाळी शेजारी कुंपणावरून डोकावला. "काय हो मिस्त्री, तुमच्याच घरी गळती?"

ती आतून ऐकत होती. आता हा लाजेनं सांधा आवळणार, याची तिला खात्रीच होती.

"गळू द्या," तो म्हणाला. "आमच्या हिच्या माहेरचा ओढा आहे तो."